कुड्या घेण्याआधी: हिऱ्याची प्रतवारी आणि रत्नांची भाषा कशी वाचायची

माझ्या आत्याकडे सात-सात हिऱ्यांच्या कुड्या आहेत. घेतल्या त्या दिवशीची पावती तिने देवघराखालच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवली होती. त्यावर हिऱ्यांबद्दल एकच ओळ: 'हिरे १ कॅरेट'. आपल्याकडे एक कॅरेटचा हिरा आहे, असं आत्या कितीतरी वर्षं धरून चालली होती. धाकट्याच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या वेळी पैशांची ओढ लागली, तेव्हा ती कुड्या मोडायला घेऊन गेली आणि समोरच्याने सांगितलेला आकडा ऐकून तशीच घरी आली. दोन दिवस नीट जेवली नाही.

मी तेव्हा मुंबईत रत्नशास्त्राचा अभ्यासक्रम करत होते. सुट्टीत सोलापूरला आले, तेव्हा लूप, म्हणजे रत्नं बघायचं छोटं भिंग, लावून त्या कुड्या पाहिल्या. दोन कुड्या, चौदा हिरे, प्रत्येक साधारण सात सेंटचा, म्हणजे ०.०७ कॅरेटचा. चौदा सत्ते अठ्ठ्याण्णव. म्हणजे सगळे मिळून जवळपास एक कॅरेट. पावती खोटी नव्हती. पण चौदा बारीक हिऱ्यांचा मिळून एक कॅरेट आणि एकाच अखंड हिऱ्याचा एक कॅरेट यांच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक असतो, हे त्या ओळीत नव्हतं. आणि काय विचारायचं, हे आत्याला कुणी शिकवलं नव्हतं.

तेव्हापासून लग्नसराई जवळ आली की नात्यातले, शेजारचे, ओळखीचे लोक पावत्या आणि सर्टिफिकेटं घेऊन माझ्याकडे येतात. बहुतेकांचे प्रश्न ठरलेले असतात: "किती कॅरेटचा आहे?" आणि "व्हीव्हीएस आहे का?", म्हणजे आत दोष जवळजवळ नाहीत ना. माझं म्हणणं असं की हे प्रश्न शेवटी विचारायचे. आधी हा खडा काय आहे ते विचारा, मग त्यावर काही प्रक्रिया केली आहे का ते, मग कट (पैलू कसे पाडले आहेत), मग रंग, मग क्लॅरिटी (आत दोष किती) आणि सगळ्यात शेवटी वजन. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

आधी कॅरेटचा गोंधळ

मराठीत आपण दोन वेगळ्या गोष्टींना एकच शब्द वापरतो. सोन्याचं कॅरेट म्हणजे शुद्धता: २४ भागांपैकी किती भाग सोनं. २२ कॅरेट म्हणजे ९१६, १८ कॅरेट म्हणजे ७५०. हिऱ्याचं कॅरेट म्हणजे निव्वळ वजन: एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, पाच कॅरेट म्हणजे एक ग्रॅम. एका कॅरेटचे शंभर भाग केले की एक सेंट. 'पंचवीस सेंटचा हिरा' म्हणजे पाव कॅरेटचा. "हिरा अठरा कॅरेटचा आहे" असं कुणी म्हणालं, तर ते सोन्याबद्दल बोलत आहेत एवढं समजून घ्यायचं.

कॅरेट हा शब्द कॅरोब नावाच्या झाडाच्या बियांवरून आला, जशी आपल्याकडे गुंज. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, हे हिशेब आपल्या आजोबांना तोंडपाठ होते. त्या जुन्या तोळ्याच्या हिशेबाने एक गुंज साधारण १२१.५ मिलिग्रॅमची भरते. राशीचे खडे विकणारे मात्र 'रत्ती' म्हणतात आणि कुणी रत्ती १२१ मिलिग्रॅमची धरतो, कुणी १८२ च्या आसपास. त्यामुळे 'पाच रत्तीचा पुष्कराज' एका दुकानात तीन कॅरेटचा असू शकतो आणि दुसऱ्या दुकानात साडेचार कॅरेटचा. उपाय सोपा आहे. खडा काट्यावर ठेवायला सांगा आणि वजन कॅरेटमध्ये लिहून घ्या.

पायरी १: हा खडा नक्की काय आहे?

सोलापूरच्या मंगळवार पेठेतल्या सराफ बाजारात तुम्हाला मराठीत, कन्नडमध्ये, तेलुगूत बोलणारे दुकानदार भेटतील, पण खड्यांची नावं सगळीकडे तीच. त्यातली फसवी नावं आधी ओळखून घ्या.

'अमेरिकन डायमंड' किंवा 'एडी' म्हणजे क्युबिक झिरकोनिया, झिरकोनियमचं ऑक्साइड, कारखान्यात बनवलेलं. तो हिरा नाही. हिऱ्याच्या तुलनेत बराच जड असतो: एक कॅरेटच्या हिऱ्याएवढ्या आकाराचा एडी वजनाला दीडपटीहून जास्त भरतो. 'झिरकॉन' ही आणखी वेगळी चीज, तो जमिनीतून निघणारा खनिज खडा आहे. नावं सारखी वाटतात म्हणून दोन्हींची गल्लत होते.

मॉयसनाइट म्हणजे सिलिकॉन कार्बाइड. हा खडा एडीपेक्षा अवघड, कारण दुकानातला साधा हिरा-टेस्टर खड्यातून उष्णता किती वेगाने जाते ते मोजतो आणि मॉयसनाइट त्या परीक्षेत हिरा म्हणून पास होतो. त्याला ओळखायला विद्युतवाहकता तपासणारा टेस्टर लागतो. किंवा लूप लावून खडा थोडा तिरका धरून आत बघितलं, तर मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात. हिऱ्यात तसं कधीच दिसत नाही.

राहिला लॅब-ग्रोन हिरा, आणि इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. तो नकली नसतो. तोही शुद्ध कार्बन, तोच कडकपणा, तीच चमक. फक्त तो जमिनीखाली कोट्यवधी वर्षांत न बनता यंत्रात काही आठवड्यांत बनतो. एक पद्धत एचपीएचटी, म्हणजे प्रचंड दाब आणि तापमान. दुसरी सीव्हीडी, म्हणजे एका बंद कक्षात मिथेनसारख्या वायूतून कार्बनचे थर हिऱ्याच्या पातळ चकतीवर चढवत नेणं. जून २०२३ मध्ये पंतप्रधानांनी अमेरिकेच्या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीला साडेसात कॅरेटचा लॅब-ग्रोन हिरा भेट दिला, तेव्हापासून आपल्याकडेही हा शब्द घराघरांत पोहोचला. लूपने, टेस्टरने, नुसत्या डोळ्यांनी तो नैसर्गिक हिऱ्यापासून वेगळा काढता येत नाही, त्याला प्रयोगशाळेतली उपकरणं लागतात. भाव मात्र नैसर्गिकपेक्षा खूपच कमी असतो आणि गेल्या काही वर्षांत तो उतरतच गेला आहे. हौसेसाठी घेणार असाल तर आनंदाने घ्या. उद्या मोडून पैसे उभे करायचे, या हिशेबाने घेऊ नका.

घरगुती परीक्षांबद्दल इथेच सांगते. खड्यावर श्वास सोडला की हिऱ्यावरचं धुकं क्षणात जातं, कारण तो उष्णता झटकन वाहून नेतो. काच आणि एडीवर ते रेंगाळतं. पण मॉयसनाइटवरही लगेच जातं आणि लॅब-ग्रोनवरही. म्हणजे ही परीक्षा फक्त काच आणि एडी बाजूला काढते. काचेवर ओरखडा मारून बघायची परीक्षा तर नकोच. काच साध्या गारगोटीनेही कापली जाते, त्यातून काही सिद्ध होत नाही.

आणि हातोड्याची परीक्षा कधीच नाही. खरा हिरा घणाचे घाव सोसतो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. दृष्टांत म्हणून ते सुंदर आहे, पण हिऱ्याला लागू नाही. कडकपणा म्हणजे ओरखडा न पडणं, आणि त्यात मोहसच्या मापावर हिरा दहापैकी दहा आहे. मात्र त्याच्या स्फटिकात चार दिशा अशा असतात की त्या रेषेत फटका बसला की तो सरळ चिरतो. हिरे कापणारे कारागीर शेकडो वर्षं याच गुणाचा उपयोग करत आले.

पायरी २: काही केलं आहे का?

दुकानात हे वाक्य जसंच्या तसं विचारा: "यावर काही ट्रीटमेंट आहे का? पावतीवर लिहून द्याल?" हिऱ्यात चिरेमध्ये काचेसारखा पदार्थ भरतात, त्याला फ्रॅक्चर-फिलिंग म्हणतात. काळा डाग घालवायला लेसरने केसाएवढं छिद्र पाडतात. एचपीएचटी प्रक्रियेने रंग सुधारतात. यांतली भरलेली चीर सगळ्यात वाईट, कारण पुढे कधी दागिना दुरुस्तीला गेला आणि कारागिराची ज्योत लागली की भरलेलं वितळून बाहेर येऊ शकतं. लेसरचं छिद्र कायमचं असतं, पण तेही भाव कमी करतं. विक्रेत्याने ते सांगायलाच हवं.

पायरी ३: कट, म्हणजे पैलूंचं गणित

चादर विकत घेताना सोलापूरकर ती उलटून बघतो, दोन्ही बाजूंची वीण बघतो. हिराही उलटून बघा. किमतीतला मोठा भाग वजनाचा असतो हे खरं, पण हिऱ्याला हिरा करतो तो कट.

शब्द आधी. वरचा सपाट मोठा पैलू म्हणजे टेबल. टेबलापासून कंबरेपर्यंतचा उतार म्हणजे क्राउन. कंबर, म्हणजे हिऱ्याचा सगळ्यात रुंद घेर, तो गर्डल. कंबरेखालचा निमुळता भाग म्हणजे पॅव्हिलियन आणि त्याचं टोक म्हणजे क्युलेट. गोल ब्रिलियंट कटमध्ये एकूण ५७ पैलू असतात, टोकाला छोटा सपाट पैलू दिला तर ५८. कुड्यांमधल्या बारीक हिऱ्यांत 'फुल कट' म्हणजे हेच ५७-५८ पैलू आणि 'सिंगल कट' म्हणजे जेमतेम १७-१८. आजीच्या काळातल्या दागिन्यांत खालून सपाट, वरून घुमटासारखे रोझ कट सापडतात, किंवा जवळजवळ पैलू नसलेली पोल्की. ते वेगळ्या सौंदर्याचे खडे आहेत. त्यांना ब्रिलियंटच्या फूटपट्टीने मोजू नका.

आता गणित. उजेड वरून हिऱ्यात शिरतो आणि खालच्या पैलूवर आदळतो. हिऱ्याचा वक्रीभवनांक, म्हणजे उजेड वाकवायचं माप, २.४२ इतका मोठा आहे की पैलूच्या लंबाशी सुमारे साडेचोवीस अंशांपेक्षा जास्त कोनात आदळलेला सगळा उजेड आतच परत फिरतो. समोरच्या पैलूवर जातो, तिथूनही फिरतो आणि टेबलातून थेट तुमच्या डोळ्यांकडे येतो. खालचा उतार चुकला तर हाच उजेड मागून निसटतो आणि महागातला हिरा काचेसारखा मंद दिसतो. १९१९ मध्ये मार्सेल टोल्कोव्स्की यांनी हा हिशेब मांडला: टेबल व्यासाच्या ५३ टक्के, क्राउनचा कोन ३४.५ अंश, पॅव्हिलियनचा ४०.७५ अंश. आज चांगल्या कटाची मर्यादा याहून सैल धरतात, पण आकडे त्याच परिसरात फिरतात. सर्टिफिकेटवर 'डेप्थ' साधारण ५९ ते ६२.५ टक्के आणि 'टेबल' ५३ ते ६० टक्के असेल तर गोल हिऱ्यासाठी सुरुवात चांगली आहे.

खालचा भाग फार उथळ असेल तर टेबलातून कंबरेचं पांढुरकं कडं दिसतं, त्याला फिशआय म्हणतात, माशाचा डोळा. फार खोल असेल तर मध्यभाग काळवंडतो, तो नेलहेड. दोन्ही दोष लूपशिवाय, हातात धरून दिसतात. खोल हिऱ्यात आणखी एक गोम आहे: वजन पोटात दडलेलं असतं. नीट कापलेला एक कॅरेटचा गोल हिरा वरून साधारण साडेसहा मिलिमीटर दिसतो, खोल कापलेला तेवढ्याच वजनाचा हिरा सहा मिलिमीटरच्या आसपास भरतो. पैसे एक कॅरेटचे, दर्शन पाऊण कॅरेटच्या थोडं पुढचं. म्हणून व्यास मिलिमीटरमध्ये विचाराच.

जीआयए ही अमेरिकेतली संस्था १९३१ मध्ये रॉबर्ट शिपली यांनी स्थापन केली. कट, रंग आणि क्लॅरिटी यांच्या आज जगभर चालणाऱ्या प्रतवारीच्या पट्ट्या तिच्याच. गोल हिऱ्यांच्या कटाला ती २००६ पासून श्रेणी देते: एक्सलंट, व्हेरी गुड, गुड, फेअर, पुअर. त्याच्याशेजारी पॉलिश आणि सिमेट्री अशा दोन वेगळ्या श्रेणी असतात. तिन्ही एक्सलंट असले की व्यापारी 'ट्रिपल एक्स' म्हणतात. बजेट आवळायचं असेल तर मी रंग आणि क्लॅरिटी खाली आणीन, कट आणणार नाही.

दुकानातल्या उजेडाबद्दल सावध राहा. हिऱ्यांच्या काउंटरवर वरून टोकदार एलईडी सोडलेले असतात, त्यांच्याखाली साधा एडीही लखलखतो. ट्रे घेऊन दरवाजाजवळ या. आपल्या सोलापूरच्या रखरखीत उन्हात थेट धरू नका, त्यातही सगळंच चमकतं. सावलीत उभं राहून, अंगावर पसरलेला उजेड पडेल असा हिरा धरा आणि हळूहळू हलवा. परतणारा पांढरा उजेड म्हणजे ब्रिलियन्स, रंगीत ठिणग्या म्हणजे फायर, हलवताना होणारी लुकलुक म्हणजे सिंटिलेशन. सावलीतही जो जिवंत राहतो त्याचा कट चांगला. आपली जुनी माणसं 'हिऱ्याला पाणी आहे' म्हणत, ते हेच. आपल्या भीमेचं पाणी ज्या कृष्णेला मिळतं, तिच्याच काठावर गोवळकोंड्याच्या राज्यातली कोल्लूरची खाण होती. अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये हिरे सापडेपर्यंत जगाला नावाजलेले हिरे प्रामुख्याने आपल्याकडूनच जात. पाणी जोखायची भाषा आपल्याला नवी नाही.

पायरी ४: रंग

रंगाची पट्टी डी पासून झेड पर्यंत. डी म्हणजे अजिबात रंग नाही, झेड म्हणजे स्पष्ट पिवळट किंवा तपकिरी झाक. ए, बी, सी का नाहीत? कारण ही पट्टी १९५० च्या दशकात आली तेव्हा व्यापारी आधीपासूनच 'ए', 'डबल ए' अशी अक्षरं मनाला येतील तशी वापरत होते, त्यामुळे नवी सुरुवात डी पासून केली. डी, ई, एफ रंगहीन. जी ते जे जवळजवळ रंगहीन. के ते एम किंचित झाक. त्यापुढे झाक वाढत जाते. गडद पिवळे, गुलाबी, निळे हिरे या पट्टीच्या बाहेरचे, त्यांना फॅन्सी म्हणतात.

रंग बघायची पद्धत: पांढरा कागद घडी घालून पन्हळीसारखा करा, सुटा हिरा त्यात टेबल खाली करून ठेवा आणि बाजूने बघा. वरून बघितलं तर चमकीत रंग लपतो. दोन-तीन हिरे शेजारी ठेवले की फरक लगेच कळतो, एकटा हिरा नेहमीच पांढरा वाटतो.

पिवळ्या सोन्यातल्या कुड्यांसाठी डी-ई-एफ चे पैसे मोजणं मला पटत नाही. सोन्याची पिवळी झळ खड्यात उतरतेच, आणि कानातल्या सात सेंटच्या हिऱ्यात जी आणि आय मधला फरक समोरच्याला दिसत नाही. पिवळ्या सोन्यात एच ते जे भरपूर झाला. पांढऱ्या सोन्यात किंवा प्लॅटिनममध्ये एकटा मोठा खडा असेल तर जी-एच पर्यंत जा.

सर्टिफिकेटवर 'फ्लुरोसन्स' असाही एक रकाना असतो. काही हिरे अतिनील किरणांत निळसर उजळतात: नन, फेंट, मीडियम, स्ट्राँग, व्हेरी स्ट्राँग. मध्यम निळी झाक आय-जे रंगाच्या हिऱ्याला थोडं पांढरं दाखवते, ते फायद्याचं. पण स्ट्राँग असलेले काही हिरे उन्हात दुधाळ दिसतात. आपल्याकडे उन्हाला तोटा नाही, तेव्हा अशा हिऱ्याची उन्हातली परीक्षा घेतल्याशिवाय होकार देऊ नका.

पायरी ५: क्लॅरिटी आणि लूप

क्लॅरिटी म्हणजे दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून प्रशिक्षित डोळ्याला किती दोष दिसतात. अकरा पायऱ्या आहेत. एफएल आणि आयएफ, म्हणजे आत काहीच नाही. व्हीव्हीएस-१ आणि २, दोष शोधायला अतिशय कठीण. व्हीएस-१ आणि २, कष्टाने सापडतात. एसआय-१ आणि २, भिंगातून सहज दिसतात. आय-१, २, ३ मध्ये दोष नुसत्या डोळ्यांनाही दिसू लागतात. जुन्या रत्नपरीक्षेतही बिंदू, रेखा, काकपद अशी दोषांची नावं होती. आजचे शब्द: पिनपॉइंट म्हणजे टिंबाएवढा कण, क्रिस्टल म्हणजे आत अडकलेलं दुसरं खनिज, क्लाउड म्हणजे कणांचा ढग, फेदर म्हणजे पिसासारखी दिसणारी चीर.

लूप लावणं अवघड नाही. खडा आधी मऊ कापडाने पुसा, नाहीतर धुळीलाच दोष समजाल. लूप डोळ्याला जवळजवळ टेकवा, दोन्ही कोपर काउंटरवर टेका म्हणजे हात थरथरणार नाहीत, आणि खडा लूपच्या समोर अडीच सेंटिमीटरवर आणा. दोन्ही डोळे उघडे. आधी टेबलातून मध्य बघा, मग फिरवत कडा, मग उलटून तळ. दुकानदाराने लूप द्यायला नाराजी दाखवली तर नमस्कार करून पुढच्या पेढीवर जा.

'व्हीव्हीएस' या शब्दाची आपल्याकडे फार मोहिनी आहे. एक कॅरेटच्या सॉलिटेअरमध्ये, म्हणजे एकट्या बसवलेल्या हिऱ्यात, त्याला अर्थ असेल, सात सेंटच्या हिऱ्यात व्हीव्हीएस आणि व्हीएस यांतला फरक घालणारीला आयुष्यभर कळत नाही. हातभर अंतरावरून नुसत्या डोळ्यांना खडा स्वच्छ दिसला तर त्याला 'आय-क्लीन' म्हणतात. व्हीएस तर असतातच, एसआय-१ मधलेही बरेच तसे निघतात. मी बघते ते वेगळंच: टेबलाच्या मधोमध काळा क्रिस्टल आहे का, आणि कंबरेपाशी पृष्ठभागापर्यंत पोहोचणारा फेदर आहे का. पहिला डोळ्याला खुपतो. दुसरा खडा बसवताना किंवा कान आपटला तर चिरू शकतो.

पायरी ६: आता वजन

आत्याच्या कुड्यांची गोष्ट इथे लागते. पावतीवर 'एकूण वजन' असेल तर नगांची संख्या आणि प्रत्येक नगाचं वजन विचारा. हिऱ्याचा भाव प्रति कॅरेट सांगतात आणि खडा मोठा होत गेला की तो प्रति कॅरेट भावच वाढतो, कारण मोठे कच्चे खडे दुर्मीळ असतात. शिवाय अर्धा, एक, दीड, दोन अशा गोल आकड्यांवर भाव उडी मारतो. ९० सेंटचा आणि एक कॅरेटचा हिरा वरून जेमतेम पाव मिलिमीटरने वेगळे दिसतात, भावात मात्र ती उडी असते. ज्यांना 'एक कॅरेट' या आकड्याचा हट्ट नाही, त्यांच्यासाठी नव्वद-पंचाण्णव सेंट ही फार शहाणी जागा आहे.

हिऱ्याचं वजन सोन्याच्या हिशेबातून वजा झालं की नाही, तेही बघा. चौदा हिरे मिळून ०.९८ कॅरेट, म्हणजे ०.१९६ ग्रॅम. कुड्यांचं एकूण वजन ७.६९६ ग्रॅम असेल तर सोनं ७.५०० ग्रॅम, आणि सोन्याचा भाव व घडणावळ या निव्वळ वजनावर लागायला हवी. थोडक्याचा प्रश्न वाटतो, पण माणकं-पाचूंच्या मोठ्या हारात हाच फरक काही ग्रॅमचा होतो.

रंगीत खड्यांकडे वळताना

रंगीत रत्नांना डी-झेड किंवा व्हीएस-एसआय अशी जगभर मान्य एकच पट्टी नाही. 'एएए ग्रेड माणिक' हा शब्द ज्या-त्या दुकानाचा असतो. इथे तीनच गोष्टी नीट धरा: जात, प्रक्रिया, रंग.

जात आधी. माणिक आणि नीलम एकाच खनिजाचे, कुरुंदाचे. लाल तो माणिक, निळा तो नीलम, पिवळा तो पुष्कराज. बाजारात पुष्कराज म्हणून टोपॅझ खपवला जातो, त्याहून स्वस्तात सुनेला, म्हणजे पिवळा स्फटिक. कुरुंदाचा कडकपणा ९, टोपॅझचा ८, सुनेल्याचा ७, आणि घनताही वेगळी, त्यामुळे प्रयोगशाळेत पाच मिनिटांत उलगडा होतो. जात ओळखण्यात राजेही चुकले आहेत. ब्रिटिश राजमुकुटातलं 'ब्लॅक प्रिन्स रुबी' मुळात माणिक नाहीच, ते लाल स्पिनेल आहे. घनतेमुळे आकाराचाही अंदाज चुकतो. एक कॅरेटचं माणिक एक कॅरेटच्या हिऱ्यापेक्षा लहान दिसतं आणि पाचू मोठा.

मग प्रक्रिया. माणिक-नीलम तापवून रंग सुधारणं खूप जुनं आणि सर्रास चालतं, 'हीटेड' लिहिलेलं असेल तर घाबरू नका, फक्त न तापवलेल्याचा भाव देऊ नका. शिसेयुक्त काच भरलेलं माणिक मात्र टाळा. ते स्वस्तात मोठं आणि लालभडक मिळतं, पण लिंबाच्या रसानेही त्यातली काच खराब होते, मग कारागिराच्या तेजाबाची गोष्टच सोडा. लूपमधून आत चपटे बुडबुडे आणि निळसर झळाळी दिसली तर शंका घ्या. पाचूच्या चिरांमध्ये तेल मुरवतात, तेही जुनं आणि मान्य. प्रमाण महत्त्वाचं: 'मायनर', 'मॉडरेट', 'सिग्निफिकंट'. पाचूचा दागिना अल्ट्रासोनिक यंत्रात धुवायला कधीही देऊ नका, तेल निघून चिरा उघड्या पडतात. रंग बघताना छटा, गडदपणा आणि तजेला या तीन गोष्टी वेगळ्या बघा. फार काळपट नीलम महाग नसतो, तो फक्त गडद असतो.

कागद आणि पावती

प्रयोगशाळेचा अहवाल घेताना कोणत्या संस्थेचा आहे ते विचारा. तोच हिरा दोन प्रयोगशाळांत एखाद्या श्रेणीने वेगळा निघू शकतो, तेव्हा दोन हिऱ्यांची तुलना एकाच संस्थेच्या कागदांवर करा. अहवालाचा क्रमांक त्या संस्थेच्या संकेतस्थळावर तुमच्यासमोर टाकायला सांगा. मोठ्या हिऱ्याच्या कंबरेवर हाच क्रमांक बहुधा लेसरने कोरलेला असतो आणि लूपखाली वाचता येतो. कागद आणि खडा जुळतात का, हे बघितल्याशिवाय कागदाला अर्थ नाही. दागिन्यात बसवलेल्या हिऱ्यांचा अहवाल असेल तर त्यात रंग 'जी-एच', क्लॅरिटी 'व्हीएस' असे पट्टेच येतात, कारण बसवलेला खडा सगळीकडून तपासता येत नाही. मोठी रक्कम घालायची असेल तर सुटा हिरा अहवालासह घ्या आणि मग बसवा. शंका मोठी असेल तर रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघून सकाळी मुंबईतल्या प्रयोगशाळेत खडा देणं परवडतं.

हॉलमार्क वेगळा. तो फक्त सोन्याची शुद्धता सांगतो, हिऱ्याबद्दल एक अक्षर नाही. १ एप्रिल २०२३ पासून दागिन्यावर सहा अक्षर-अंकी एचयूआयडी हा ओळख क्रमांक हवा, तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. हिऱ्यांच्या कुड्या १८ कॅरेटमध्ये करतात ते सोनं कमी घालायला नव्हे. २२ कॅरेटचं सोनं मऊ पडतं आणि खडा धरणारी बारीक नखं झिजतात.

पावती अशी हवी: 'नैसर्गिक हिरे, गोल, फुल कट, १४ नग, प्रत्येकी सुमारे ०.०७, एकूण ०.९८ कॅरेट, रंग जी-एच, क्लॅरिटी व्हीएस, प्रक्रिया नाही. सोनं १८ कॅरेट, एकूण वजन, निव्वळ वजन, सोन्याचा दर, हिऱ्याचा प्रति कॅरेट दर, घडणावळ.' आणि खाली एक ओळ: परत देताना किंवा बदलून घेताना हिऱ्याचा कोणता दर धरणार आणि घट किती. तोंडी आश्वासन दुकानातल्या माणसाबरोबर जातं, लिहिलेलं तुमच्याबरोबर राहतं.

वापरताना एवढंच: हिऱ्याला तेल-तूप झटकन चिकटतं आणि कुडीच्या मागे साचलं की चमक मरते. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरे. मागून बंद असलेल्या जुन्या कुड्या मात्र पाण्यात बुडवू नका, आत चंदेरी वर्ख लावलेला असतो आणि ओल गेली की तो काळा पडतो.

आत्याने कुड्या मोडल्या नाहीत. प्रवेशाची फी दुसरीकडून भरली. मी तिच्या जुन्या पावतीमागे चौदाही हिऱ्यांची नोंद करून दिली, मिलिमीटरसकट. आता दरवर्षी सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेआधी ती कुड्या घेऊन येते, आम्ही लूपखाली एकेक नख बघतो, सैल वाटलं तर कारागिराकडून दाबून घेतो, आणि भोगीला ती घालून यात्रेतल्या अक्षता सोहळ्याला जाते.